हिम पाडणारी यंत्रे आणि वर नेणारा दोर : वाचकांचे प्रश्न

हिवाळी सहलींवरच्या आमच्या टिपणात गुलमर्ग आणि औली येथील स्कीइंगचा ओझरता उल्लेख होता. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. सहलीचा खर्च विचारणारी पत्रे थोडी होती. यंत्राने हिम कसे पाडतात आणि डोंगरावरच्या लिफ्ट कशा चालतात, हे विचारणारी पत्रेच अधिक होती, याचा मला मनापासून आनंद झाला. शीतगृहे आणि पंप यांच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्याने हे प्रश्न मला परके वाटले नाहीत. आपण बोलताना ‘बर्फ’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरतो. येथे मात्र आभाळातून भुरभुरत येते ते हिम आणि पाणी थिजून घट्ट होते तो बर्फ, असा भेद पाळला आहे, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर याच भेदावर उभे आहे.

प्रश्न : जानेवारी २०२४ मध्ये आम्ही गुलमर्गला गेलो, तेव्हा हिमाऐवजी वाळलेले गवत पाहून परतलो. रात्री थंडी मात्र कडाक्याची होती. पाणी गोठण्याइतकी थंडी असेल, तर यंत्राने हिम पाडून घेणे अवघड का असावे? — एक शिक्षिका, मिरज

आपण गेलात तो काळ काश्मीरसाठी विलक्षण कोरडा होता आणि जानेवारीच्या पूर्वार्धात गुलमर्गचे उतार खरोखरच उघडे पडले होते. आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातल्या माठात आहे. माठातून पाझरणारे पाणी वाफ होऊन जाते, जाताना उष्णता घेऊन जाते आणि आतले पाणी गार होते. एप्रिलमध्ये आटपाडीच्या कोरड्या हवेत तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या कापडाने गुंडाळलेला तापमापक जवळजवळ २२-२३ अंशांपर्यंत उतरतो. रत्नागिरीच्या दमट हवेत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर तोच तापमापक २९ अंशांवर अडतो. कोकणात हवा कमी तापलेली असूनही माठातले पाणी हवे तसे गार होत नाही, ते यामुळेच. या ओल्या कापडाच्या तापमानाला वेट बल्ब तापमान म्हणतात, आणि हिम पाडणाऱ्या माणसाचे सारे लक्ष याच आकड्याकडे असते.

स्नो गन, म्हणजे हिम पाडणारे यंत्र, पाण्याचे बारीक थेंब हवेत उंच फेकते. जमिनीवर पडेपर्यंत थेंबाच्या हाती काही सेकंदच असतात आणि तेवढ्यात त्याला गोठायचे असते. एक किलो पाणी गोठताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते, तर एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २५०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. म्हणजे थेंबांतला थोडासा भाग वाफ होऊन गेला, तर तो आपल्या सातपट पाणी गोठवण्याइतकी उष्णता सोबत नेतो. हवा कोरडी असेल तर हे घडते, दमट असेल तर घडत नाही. म्हणून हवा शून्याच्या २ अंश वर असली तरी आर्द्रता ३० टक्के असेल, तर वेट बल्ब तापमान उणे ३ च्या आसपास जाते आणि काम सुरू करता येते. उलट हवा उणे १ अंश असून धुके दाटलेले असेल, तर यंत्रातून चिखलासारखे ओले पाणीच पडते. वेट बल्ब तापमान साधारण उणे अडीचच्या खाली गेल्यावरच गन सुरू करतात आणि उणे ५, उणे १० असे ते उतरत जाईल तसे तीच गन कित्येक पट हिम देते. नळातले पाणी गोठायला सारी रात्र मिळते, थेंबाला ती मिळत नाही, हा दोन्हींतला खरा फरक आहे.

कोरड्या थंडीचे मोठे उदाहरण म्हणजे २०२२ चे बीजिंग येथील हिवाळी ऑलिंपिक. तेथे डोंगरांवर थंडी भरपूर असते, पण नैसर्गिक हिम फार थोडे पडते. त्यामुळे स्कीइंगच्या स्पर्धा जवळजवळ संपूर्णपणे यंत्राने पाडलेल्या हिमावर झाल्या.

राहिला प्रश्न तयारीचा. ऐन जानेवारीत हिम पडले नाही म्हणून गन आणून उभ्या केल्या, असे करता येत नाही. तळे, पंपघर, डोंगरात पुरलेली उच्च दाबाची पाइपलाइन आणि वीज हे सारे आधी उन्हाळ्यात उभे करावे लागते. औलीला जानेवारी २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने हिम पाडण्याची यंत्रे आणि त्यांना पाणी पुरवण्यासाठी कृत्रिम तळे, अशी तयारी झाली होती. नुसती गन विकत घेणे हा या खर्चातला लहान भाग असतो.

प्रश्न : आमच्याकडे पिण्याच्या पाण्यासाठी टँकर पाहिलेले लोक आहेत. खेळासाठी डोंगरावर पाणी उधळणे मनाला पटत नाही. यासाठी नेमके किती पाणी लागते, आणि ते वर चढवायला किती वीज लागते? — एक शेतकरी, खानापूर तालुका

आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून आकडेमोड करूनच उत्तर देतो. दोन किलोमीटर लांब आणि ४० मीटर रुंद असा एक उतार घ्या. त्याचे क्षेत्र ८ हेक्टर होते. त्यावर ३० सेंटीमीटर जाडीचा थर द्यायचा, तर २४,००० घनमीटर हिम लागेल. नुकतेच पडलेले नैसर्गिक हिम कापसासारखे हलके असते आणि त्याच्या एका घनमीटरचे वजन शंभर किलोच्या आसपास भरते. यंत्राचे हिम दाट, साखरेसारखे रवाळ असते आणि ते ४०० ते ५०० किलो भरते. म्हणजे आपल्या उताराला सुमारे ११,००० घनमीटर, अर्थात एक कोटी दहा लाख लिटर पाणी लागले. हेक्टरी हिशेब केला तर तो तेरा-चौदा लाख लिटरचा होतो. उसाला सरीने एक पाणी द्यायला हेक्टरी साधारण साडेसात-आठ लाख लिटर लागतात, म्हणजे उसाच्या दोन पाण्यांपेक्षा हे थोडे कमीच झाले. वर्षभराच्या उसाशी तुलना केली तर आकडा फार मोठा दिसत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

तरीही आपली खंत अस्थानी नाही. उसाचे पाणी आणि हे पाणी यांत वेळेचा फरक आहे. डोंगरातले ओढे हिवाळ्यात सर्वांत रोडावलेले असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत हिमासाठी पाणी हवे असते. ओढ्यातून थेट उपसा केला तर खालच्या गावांचे आणि ओढ्यातल्या जिवांचे पाणी तुटते. म्हणून जबाबदारीने चालणाऱ्या ठिकाणी पावसाळ्यात किंवा वसंतात वितळलेले पाणी तळ्यात साठवतात आणि थंडीत तेच वापरतात. वाफेत आणि वाऱ्यात काही भाग जातो. उरलेले पाणी हिम वितळल्यावर त्याच खोऱ्यात उतरते. माझे स्वतःचे मत असे आहे की, ज्या डोंगरात गावाचे झरे आटत चालले आहेत, तेथे तळ्याचे पाणी प्रथम कोणाचे, हे गावाशी बसून ठरल्याशिवाय एकही गन उभी करू नये.

आता विजेचे पाहू. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांमुळे उपसा म्हणजे काय हे आपल्या भागाला सांगावे लागत नाही. दर दहा मीटर चढाला सुमारे एक बार दाब लागतो. पंपघरापासून गनपर्यंत ३०० मीटर चढ असेल तर ३० बार तेथेच गेले, आणि नोझलमधून पाणी बारीक फुटावे म्हणून आणखी सुमारे ३० बार हाताशी ठेवले, तर एकूण ६० बार झाले. एक घनमीटर पाण्याला एवढा दाब द्यायला, पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरून, सुमारे २.४ युनिट वीज लागते. ११,००० घनमीटरला सव्वीस हजारांहून अधिक युनिट झाले. यात पाइपमधले घर्षण, गनचे पंखे आणि हवेचे कॉम्प्रेसर धरलेले नाहीत.

क्षमता हा शब्द येथेच नीट समजून घ्यावा लागतो. हे काम १०० तासांत उरकायचे असेल, तर ताशी एक लाख दहा हजार लिटर पाणी आणि नुसत्या पंपांसाठी सुमारे ३५० हॉर्सपॉवर लागतील. पण थंडी सलग १०० तास टिकत नाही. रात्री आठ तास चांगली थंडी मिळाली तर बारा-तेरा रात्री जातील. रात्रीतले चारच तास मिळाले, आणि तेही काठावरच्या तापमानाचे, जेव्हा गन एक तृतीयांश हिम देते, तर हाच हिशेब ७५ रात्रींवर जातो आणि हंगाम हातातून निसटतो. म्हणून मोठी रिसॉर्ट आपला मुख्य उतार तीन ते पाच दिवसांच्या थंडीत झाकता येईल अशा हिशेबाने पंप, पाइप आणि गन बसवतात, आणि वर्षातले बहुतेक दिवस ही सारी यंत्रसामग्री नुसती उभी असते. थंडीचे तास जसे घटत आहेत, तसे हे पंप अधिकाधिक मोठे करावे लागत आहेत. हवामान तापत असताना यंत्राच्या हिमावर किती भार टाकायचा, हा प्रश्न शेवटी थंडीच्या तासांपाशीच येतो. पंप मोठा करता येतो, रात्र थंड करता येत नाही.

प्रश्न : या हिमात रसायने मिसळतात का? आणि ही यंत्रे दिसतात कशी? — एक वाचक, तासगाव

मुख्यतः पाणी आणि हवा, एवढेच असते. काही देशांत पाण्यात एक प्रथिन मिसळतात. ते स्यूडोमोनास सिरिंगे या जिवाणूपासून मिळते आणि जिवाणू मारूनच वापरतात. हा जिवाणू मूळचा झाडांच्या पानांवरचा. त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचे कण लवकर गोठायला लागतात आणि त्यामुळे पिकांना थंडीची इजा होते, म्हणून तो कृषिशास्त्राला आधीपासून ठाऊक होता. काही ठिकाणी त्याच्या वापराला परवानगी नाही. त्याच्यावाचूनही काम होते, कारण गनमधून दाबाची हवा एकदम मोकळी सुटते, गार होते आणि तिच्यात बर्फाचे सूक्ष्म कण तयार होतात. मोठे थेंब त्या कणांभोवती गोठतात.

यंत्राच्या रूपाचे म्हणाल, तर आपण तासगावचे असल्याने सांगणे सोपे आहे. द्राक्षबागेत औषध फवारणारा ट्रॅक्टरमागचा ब्लोअर डोळ्यांसमोर आणा. मोठा पंखा आणि त्याच्या तोंडाभोवती कडे करून बसवलेल्या नोझल, अशीच पंख्याची स्नो गन असते. साम्य योगायोगाचे नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात पहिले प्रयोग झाले, ते रंग फवारायचा कॉम्प्रेसर, एक नोझल आणि बागेला पाणी घालायची नळी जोडूनच.

प्रश्न : स्कीच्या ठिकाणी खुर्च्यांच्या लिफ्टसमोर मी दीड तास रांगेत उभा होतो. दोर संथ फिरत होता. तो दुप्पट वेगाने फिरवला असता तर रांग निम्मी झाली नसती का? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड

नसती झाली. हे उत्तर प्रथम ऐकताना मलाही चुकीचे वाटले होते. ताशी किती माणसे वर जातात हे दोराच्या वेगावर ठरत नाही. दोन खुर्च्या चढण्याच्या जागेवर किती सेकंदांच्या अंतराने येतात, यावर ते ठरते. चार जणांची खुर्ची दर ६ सेकंदांना येत असेल, तर तासाला ६०० खुर्च्या आणि २,४०० माणसे झाली. खुर्च्या तेवढ्याच अंतरावर ठेवून दोर दुप्पट वेगाने फिरवला, तर त्या दर ३ सेकंदांना येतील आणि तेवढ्यात माणसांना नीट बसता येणार नाही, म्हणून वेग वाढवला की खुर्च्यांमधले अंतरही वाढवावे लागते. आता १,५०० मीटर लांबीची लिफ्ट घ्या. जुन्या पद्धतीत खुर्ची दोराला कायमची आवळलेली असते आणि दोर सेकंदाला सुमारे अडीच मीटर सरकतो. वर जायला १० मिनिटे लागतात, खुर्च्यांमधले अंतर १५ मीटर असते आणि सबंध फेऱ्यात २०० खुर्च्या असतात. नव्या पद्धतीत खुर्चीची पकड स्थानकात दोरापासून सुटते, खुर्ची रेंगाळत पुढे सरकते, माणसे निवांत बसतात आणि मग ती पुन्हा दोराला घट्ट धरते. दोराचा वेग सेकंदाला ५ मीटर असतो, प्रवास ५ मिनिटांत होतो, अंतर ३० मीटर आणि खुर्च्या १०० लागतात. दोन्हीकडे ताशी माणसे मात्र तेवढीच, २,४००.

आपल्या भागातले उदाहरण द्यायचे, तर साखर कारखान्याच्या यार्डात गाड्यांची रांग किती लांब, हे उसाचा ट्रॅक्टर रस्त्यावर किती वेगाने आला यावर ठरत नाही. गव्हाणीत ताशी किती ऊस पडतो, यावर ते ठरते. लिफ्टचेही तसेच आहे. उलट वेगवान लिफ्टने एक नवी अडचण होते. पूर्वी दहा मिनिटे हवेत लटकणारा माणूस आता पाच मिनिटांत वर पोहोचतो, घसरत खाली येतो आणि लवकर पुन्हा रांगेत उभा राहतो. त्यामुळे गर्दीच्या दिवशी हवेतली माणसे कमी होतात आणि रांगेतली वाढतात.

रांग खरोखर कमी होते ती दोन गोष्टींनी. चार जणांच्या खुर्चीवर तिघेच बसत राहिले तर २,४०० चे १,८०० होतात, म्हणून एकट्या माणसांची वेगळी रांग करून रिकामी जागा भरतात. आणि चढताना कोणी पडला म्हणून दोर अर्धा मिनिट थांबला, की पाच खुर्च्या, म्हणजे वीस माणसे मागे पडतात. असे तासाला दहा वेळा घडले तर हिशेब करून पाहा. म्हणून लहान मुलांना हात देऊन बसवणारा, नवख्याला आधीच सावध करणारा कर्मचारी मला मोटरइतकाच क्षमतेचा भाग वाटतो. खुर्च्यांच्या लिफ्टचा जन्मही माल चढवण्याच्या कामातूनच झाला. १९३६ मध्ये अमेरिकेतील सन व्हॅली येथे ती प्रथम उभी राहिली आणि तिची कल्पना जहाजात केळीचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून सुचली होती.

हिमाचाही येथे संबंध येतो. हंगामाच्या आरंभी यंत्रांनी एकच उतार झाकून झाला असेल, तर डोंगरावर पाच लिफ्ट असल्या तरी त्या उताराला जोडलेलीच चालवतात. ताशी २,४०० माणसे एका अरुंद पट्ट्यावर सोडणे धोक्याचे असते, म्हणून अशा दिवशी काही ठिकाणी तिकिटेच मोजून देतात. आपण उभे होतात ती रांग कदाचित लिफ्टमुळे नसेलही.

प्रश्न : वेण्णा तलावाजवळ हिवाळ्यात पहाटे दव गोठते. मग महाबळेश्वर-पाचगणीत स्नो गन लावून लहानसा उतार करता येईल का? — एक हॉटेल व्यावसायिक, पाचगणी

येणार नाही. वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दिसणारे हिमकण निरभ्र रात्री जमिनीची उष्णता आकाशाकडे निघून गेल्याने होतात. त्या वेळी गवताची पाती आणि गाड्यांचे टप शून्याखाली जातात. माणसाच्या डोक्याच्या उंचीवरची हवा मात्र त्याहून काही अंश उबदार असते. गनचे थेंब जातात ते हवेतून, आणि तेथे वेट बल्ब तापमान उणे अडीचच्या खाली कित्येक तास राहावे लागते. शिवाय तलावाकाठची हवा दमट असते. पाडलेले हिम दुपारच्या उन्हात टिकणार नाही, ते वेगळेच. दुबईत २००५ पासून हिमाचा उतार आहे, पण तो बंदिस्त इमारतीत, म्हणजे एका प्रचंड शीतगृहात आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारने २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला आहे, हे आपल्याला ठाऊकच असेल. आपल्या गिऱ्हाइकांना पहाटे साडेपाचला उठवून वेण्णाकाठचे ते गोठलेले गवत दाखवावे, असे मी सुचवीन.

प्रश्न : माझा मुलगा न्यूझीलंडमध्ये एका स्की रिसॉर्टवर हंगामी कामाला लागला आहे. त्याचे काम लिफ्टवर आहे एवढेच तो सांगतो. लिफ्ट मध्येच थांबली किंवा दोर तुटला तर काय, या विचाराने मला झोप लागत नाही. — एक आई, सातारा

ताई, आपली काळजी मी समजू शकतो, म्हणून लिफ्टवर काय काय असते ते सविस्तर सांगतो. तिकडचा हिवाळा जून ते सप्टेंबरचा, तेव्हा आपला मुलगा आपल्या पावसाळ्यात तेथे काम करील. अशा मुलांचे काम बहुधा चढण्याच्या किंवा उतरण्याच्या जागेवर उभे राहून माणसांना बसवणे, उतरवणे, पायाखालचे हिम फावड्याने सारखे करणे आणि गरज पडताच लाल बटण दाबणे हे असते. रोज सकाळी लोकांना घेण्यापूर्वी लिफ्ट रिकामी फिरवून तपासतात आणि कर्मचाऱ्यांपैकी कोणी तरी पहिली फेरी करून प्रत्येक टॉवर पाहतो.

लिफ्टचा दोर एकसंध तारेचा नसतो. तो पोलादी तारांच्या अनेक पेडांनी वळलेला असतो, आणि आतली एखादी तार तुटली तरी कळावे म्हणून ठरावीक काळाने चुंबकीय उपकरणाने त्याची तपासणी करतात. दोर चाकावरून सरकला तर टॉवरवरची एक ठिसूळ पट्टी मोडते, विजेचे मंडल तुटते आणि लिफ्ट आपोआप थांबते. मोटरच्या बाजूला एक ब्रेक आणि दोर फिरवणाऱ्या मोठ्या चाकावर दुसरा, असे दोन स्वतंत्र ब्रेक असतात. माणसांनी भरलेल्या बाजूच्या वजनाने चाक उलटे फिरू नये यासाठीही वेगळी योजना असते. वीज गेली तर डिझेल इंजिन सुरू करून दोर संथ फिरवतात आणि सर्वांना उतरवून घेतात. तेही बंद पडले तर दोरखंडाने एकेकाला खाली घेण्याचा सराव कर्मचाऱ्यांना हंगामाआधी दिलेला असतो. त्यामुळे लिफ्ट मध्येच थांबणे ही बहुतेक वेळा यंत्रणा नीट काम करत असल्याची खूण असते.

धोका अजिबात नसतो असे मी म्हणणार नाही. जून २०१७ मध्ये गुलमर्गला जोराच्या वाऱ्यात एक झाड रोपवेच्या दोरावर कोसळले आणि सात जणांचा जीव गेला. वारा हा या व्यवसायातला मोठा शत्रू आहे. म्हणून टॉवरवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे असतात आणि मर्यादा ओलांडली की, रांगेत कितीही लोक असोत, लिफ्ट बंद करतात. मुलाचा फोन आला की त्याला दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. वारा वाढल्यावर लिफ्ट थांबवायचा निर्णय कोण घेतो, आणि लाल बटण दाबल्याबद्दल कोणी त्याला कधी बोलले आहे का. जेथे बटण दाबल्याबद्दल बोलणी खावी लागत नाहीत, तेथे तो सुरक्षित आहे असे मी मानीन.

आणि संध्याकाळचे एक काम त्याच्याकडून ऐकून घ्या. लिफ्ट बंद करायच्या वेळी खालचा कर्मचारी शेवटच्या खुर्चीची खूण ठरवतो आणि तिचा क्रमांक वर कळवतो. त्यानंतर खाली कोणालाही बसू देत नाहीत. ती खुर्ची वर पोहोचली, तिच्यावरची माणसे उतरली आणि मागच्या सर्व खुर्च्या रिकाम्या आहेत, असा वरून निरोप येईपर्यंत मोटर बंद होत नाही.